वचनाचा पहिला श्रोता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी आठवडाभर शाळेत मुलांना शिकवले आणि रविवारी मंडळीत वचन सांगितले. म्हणून शिकवणाऱ्यांवरच असलेल्या एका जबाबदारीविषयी आज बोलावे, असे मी ठरवले. पवित्र शास्त्राची शिकवण दुसऱ्याला लावण्याआधी स्वतःला लावून घेणे, हा आजचा विषय. सभागृहात ख्रिस्ती नसलेले श्रोतेही बरेच आहेत, याचा मला आनंद आहे. ग्रंथ डोक्यावर घेणारा आणि ग्रंथ अंगी लावून घेणारा यांतला फरक प्रत्येक धर्माच्या माणसाला ठाऊक असतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याची चूक दाखवू नका, असे बायबल म्हणत नाही. ते एक क्रम घालून देते: आधी मी, मग माझा भाऊ. हा क्रम मोडला की खरे वचनसुद्धा खोटे वाटू लागते. आणि क्रम पाळला की बोलणाऱ्याचा आवाज बदलतो, त्याची नजर बदलते आणि त्याला पदरमोडही करावी लागते.

राजाने दिलेला निकाल

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला दावीद राजाचा प्रसंग आपल्याला माहीत आहे. सैन्य युद्धावर होते, राजा यरुशलेमेत होता. उरीया हित्ती या आपल्याच सैनिकाची बायको बथशेबा त्याने बोलावून घेतली. तिला दिवस गेल्याचे कळल्यावर उरीयाला युद्धावरून परत आणून प्रकरण झाकण्याचा प्रयत्न झाला. तो फसला, तेव्हा राजाने सेनापतीच्या नावे पत्र लिहिले, की उरीयाला घनघोर लढाईत पुढे उभा करा आणि त्याला एकटे सोडून मागे हटा. ते पत्र उरीयाच्याच हाती पाठवले. उरीया मारला गेला, बथशेबा राजवाड्यात आली, मूल जन्मले. महिने लोटले. राजाचा दरबार, न्यायनिवाडे, उपासना सगळे यथासांग चालू होते.

मग नाथान संदेष्टा आला. त्याने एक फिर्याद मांडावी तशी गोष्ट सांगितली. एका गावात एक श्रीमंत, एक गरीब. श्रीमंताकडे मेंढरांचे कळप, गरिबाकडे एकच कोकरी, मुलीसारखी वाढवलेली. श्रीमंताकडे पाहुणा आला, आणि त्याने आपल्या कळपाला हात न लावता गरिबाची ती कोकरी कापली.

दाविदाचा संताप अनावर झाला. त्याने निकाल दिला: असा माणूस मरणाच्या लायकीचा आहे, आणि त्याने कोकरीची चौपट भरपाई केली पाहिजे. या चौपटीकडे जरा थांबून पाहा. मेंढरू चोरून कापणाऱ्याने चार मेंढरे द्यावीत, हा मोशेच्या नियमशास्त्रातला नियम आहे. निर्गमाच्या पुस्तकात तो आहे. म्हणजे राजाला शास्त्र येत होते. नेमके कलम त्याच्या जिभेवर होते, गरिबाबद्दलची चीडही खोटी नव्हती. ज्ञानात उणे नव्हते, न्यायबुद्धी मेलेली नव्हती. सारे शस्त्र धारदार होते, फक्त त्याचे टोक बाहेरच्या बाजूला होते.

आणि नाथानाने तोंडावर सांगितले, की तो श्रीमंत माणूस म्हणजे स्वतः राजाच.

या प्रसंगाची खरी थोरवी पुढच्या क्षणात आहे. राजाला नाथानाचे तोंड बंद करता आले असते. उरीयाला संपवणाऱ्या हाताला एक संदेष्टा जड नव्हता. दाविदाने सबब सांगितली नाही, बथशेबेकडे बोट दाखवले नाही. आपण परमेश्वराविरुद्ध पाप केले, एवढेच तो बोलला. एकावन्नावे स्तोत्र मथळ्यानुसार याच प्रसंगातले आहे, आणि त्यात आरंभापासून अखेरपर्यंत दुसऱ्या कोणाची तक्रार नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदाची कथा अशीच आहे. विधवा सून तामार गरोदर असल्याचे कळताच त्याने तिला जाळायची आज्ञा दिली. तिने त्याचीच मुद्रा, गोफ आणि काठी पुढे पाठवली: ज्याच्या या वस्तू, त्याचे हे मूल. यहूदाने त्या ओळखल्या आणि ती आपल्यापेक्षा अधिक न्यायी आहे, असे कबूल केले. इस्राएलाने आपल्या वंशाच्या मूळपुरुषाची आणि लाडक्या राजाची ही नाचक्की ग्रंथातून वगळली नाही, पिढ्यान्‌पिढ्या वाचली. ज्या लोकांनी असा ग्रंथ सांभाळला, त्यांनी शास्त्र आधी स्वतःवर चालवण्याचा धडा त्यातच ठेवून दिला.

डोंगरावरचे वचन, आणि त्याचे दोन गैरवापर

आता मत्तयाच्या सातव्या अध्यायाकडे येऊ. डोंगरावरील प्रवचनात येशू विचारतो, की भावाच्या डोळ्यातले कुसळ तुला दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ कसे जाणवत नाही? हे वाक्य मराठीत इतके मुरले आहे, की ज्यांनी कधी बायबल उघडले नाही तेही भांडणात ते सहज वापरतात. आणि तिथेच पहिला गैरवापर होतो. या वचनाचा उपयोग आपण बहुतेक वेळा दुसऱ्याविरुद्ध करतो. सासू सुनेला ऐकवते, सून सासूला. एक पंथ दुसऱ्या पंथाला, एक पक्ष दुसऱ्या पक्षाला. स्वतःकडे पाहायला सांगणारे वचनही आपण समोरच्याच्या अंगावर फेकतो, आपले मुसळ आपल्याला दिसत नाही, याला याहून वेगळा पुरावा तरी कशाला हवा?

दुसरा गैरवापर जास्त सोज्वळ दिसतो. आपण सगळेच पापी, तेव्हा कोणी कोणाला काही बोलू नये, असे म्हणून मोकळे व्हायचे. पण येशूचे बोलणे तिथे संपत नाही. आधी स्वतःचे मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असा त्याचा शेवट आहे. कुसळ काढायचेच आहे. डोळ्यात कुसळ गेलेला भाऊ विव्हळत असेल, तर त्याला तसाच सोडणे हे प्रेम नव्हे. डोळ्यासारख्या नाजूक जागी हात घालायचा, तर हात घालणाऱ्याची नजर स्वच्छ हवी. आत्मपरीक्षण ही त्या सेवेची पूर्वतयारी आहे, सेवेतून सुटण्याची पळवाट नाही.

जहाजावरची प्रार्थना

ग्रंथ रोज वाचूनही तो स्वतःला न लावणे कुठवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. जॉन न्यूटन हा अठराव्या शतकातला, गुलामांच्या व्यापारात वावरलेला इंग्रज खलाशी. १७४८ साली अटलांटिक महासागरात वादळात जहाज बुडता बुडता वाचले आणि तो देवाकडे वळला. आपल्याला वाटेल, की त्यानंतर त्याने गुलामांचा व्यापार सोडला असेल. तसे झाले नाही. उलट त्यानंतरच्या वर्षांत तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला. १७५० ते १७५४ या काळात त्याने तीन सफरी केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे भरायची आणि अटलांटिकपार नेऊन विकायची.

त्याच जहाजावर तो बायबल वाचत असे, खलाशांसाठी उपासना घेत असे, आपल्या आत्म्याच्या अवस्थेची दैनंदिनी लिहीत असे. खलाशांच्या शिवीगाळीचा आणि स्वैर वागण्याचा त्याला मनापासून त्रास होई. आणि त्याच्या जहाजाच्या नोंदवहीत त्याच्याच हस्ताक्षरात हेही आहे, की बंडाचा कट असल्याच्या संशयावरून त्याने कैदेतल्या मुलांचे अंगठे स्क्रूच्या पकडीत आवळून कबुली काढली. वर फळीवर प्रार्थना, खाली तळघरात साखळदंड. मधे लाकडाची एक फळी. वचन त्या फळीच्या खाली गेले नाही.

तो ढोंगी होता, असे मला वाटत नाही. ढोंग्याला निदान कळत असते. न्यूटनला दिसतच नव्हते, कारण सभोवतालचे सारे सभ्य जग तोच धंदा मान्य करत होते. मुसळ असेच असते. ज्याच्या डोळ्यात ते असते त्याला ते जगाचाच एक भाग वाटते.

प्रकृतीमुळे त्याने १७५४ साली समुद्र सोडला. १७६४ साली त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायले जाणारे गीत त्याचेच. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले ते १७८८ साली, म्हणजे शेवटच्या सफरीनंतर ३४ वर्षांनी. त्या पुस्तिकेत तो इतरांवर आरोपपत्र ठेवून सुरुवात करत नाही. ज्या धंद्याच्या आठवणीने आता काळीज कापते त्यात आपण स्वतः हात घातला होता, हे तो सांगतो आणि पाहिलेले, केलेले मांडतो. ब्रिटिश सरकारपुढे त्याने साक्ष दिली. या व्यापाराविरुद्ध लढणारा खासदार विल्बरफोर्स त्याचा सल्ला घेत असे. १८०७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, आणि त्याच वर्षाअखेर न्यूटन वारला. त्याच्या साक्षीला वजन आले ते ती स्वतःपासून सुरू झाली म्हणून. पण ३४ वर्षांत किती जहाजे गेली, किती माणसे विकली गेली, हा हिशेबही विसरता येत नाही. वचन स्वतःला उशिरा लावले, तर त्याची किंमत दुसरेच कोणी भरतात.

विक्रीखत लिहिणारा कारकून

याच काळात अमेरिकेत न्यू जर्सी वसाहतीतल्या माउंट हॉली गावी एक तरुण एका दुकानात कामाला होता. नाव जॉन वूलमन, जन्म १७२०, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. लिहिण्यात हात चांगला, म्हणून गावातले दस्तऐवज त्याच्याकडे येत. एके दिवशी मालकाने आपल्याकडची एक काळी गुलाम स्त्री विकली आणि विक्रीखत लिहायला सांगितले. घेणारा तिथेच ताटकळत उभा होता. काम अचानक आले, विचार करायला उसंत नव्हती. वूलमन वर्षाच्या कराराने नोकर होता, सांगणारा मालक होता, आणि विकत घेणारा त्याच्याच पंथातला वृद्ध गृहस्थ होता. वूलमनने खत लिहिले. पण ते पुरे करताना त्याच्या जिवाची इतकी घालमेल झाली, की त्याने दोघांसमोर म्हटले, गुलाम ठेवणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते. तरी मन पुरते शांत झाले नाही. आपण नाही म्हणायला हवे होते, असे त्याने पुढे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले.

त्यानंतर मात्र त्याने अशा कागदांना नाही म्हटले. आणि कसे म्हटले ते पाहण्यासारखे आहे. एकदा एक शेजारी दुखापत होऊन अंथरुणावर होता. त्याने वूलमनला बोलावून घेतले आणि मृत्युपत्र लिहायला सांगितले. कोणत्या मुलाला काय द्यायचे, हे सांगताना एक गुलाम मुलगी कोणाला द्यायची तेही सांगितले. वूलमनने टिपणे घेतली, बाकी सगळे मृत्युपत्र लिहिले, तेवढा भाग मोकळा सोडला आणि कागद घेऊन त्याच्या खाटेशी आला. माणसाला गुलाम ठरवणारा मजकूर लिहिला तर माझ्या मनाला स्वस्थता राहणार नाही, असे त्याने स्नेहाने सांगितले. केलेल्या कामाचे पैसे घेतले नाहीत. दोघांचे मन मोकळे करून बोलणे झाले. शेवटी शेजारी मुलीला मुक्त करायला तयार झाला, आणि वूलमनने मृत्युपत्र पुरे केले.

इथे उपदेश आहेच. पण तो ‘तू पापी आहेस’ असा येत नाही. ‘हे माझ्या हातून होणार नाही’ असा येतो, आणि त्यासाठी सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडलेले असते.

वूलमनचे सारे आयुष्य याच वाटेने गेले. पुढे त्याचे स्वतःचे दुकान फार भरभराटीला येऊ लागले, तेव्हा मन त्यातच गुंतेल म्हणून त्याने ते आवरले आणि शिंपीकामावर व फळबागेवर भागवले. दक्षिणेकडच्या क्वेकर मळेवाल्यांकडे उतरावे लागे, तेव्हा गुलामांच्या श्रमाचे फुकट खायचे नाही म्हणून तो त्यांच्यासाठी पैसे देऊन निघे. यजमानाला ते अवघड वाटे, वूलमनलाही वाटे, पण देत असे. वेस्ट इंडीजची साखर त्याने सोडली, रंगवलेले कपडे सोडले. आणि इतके करूनही त्याने स्वतःला तपासणे थांबवले नाही. एका मृताचा व्यवस्थापक म्हणून एका काळ्या मुलाची चाकरी त्याच्या तिसाव्या वर्षापर्यंत विकण्यात पूर्वी त्याचा हात होता. नंतरच्या काळात ते सलू लागले, तेव्हा गोऱ्या मुलांना लावतात त्यापेक्षा जास्तीच्या वर्षांची भरपाई आपल्या वाट्याने देण्याचे त्याने लिहून दिले. गुलामगिरीविरुद्धचा हा सर्वांत कोमल आणि निर्भय आवाज स्वतःच्या जुन्या कागदांतही मुसळ शोधत होता.

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला. पुढे ढकलावे, सावकाश घ्यावे, असे अनेकांना वाटत होते. वूलमन बोलला, आणि सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवण्याचे ठरवले. गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन भेटण्यासाठी काही जण नेमले, त्यांत वूलमन होता. १७७६ साली त्या सभेने गुलाम ठेवणाऱ्याला पंथातच जागा नाही, असा निर्णय घेतला. वूलमन त्याआधीच, १७७२ साली, इंग्लंडमध्ये देवीच्या रोगाने वारला होता. एका पंथाने देशाला धडा देण्याआधी आपले घर झाडून घेतले. १७८७ साली लंडनमध्ये गुलाम-व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली, तेव्हा तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ जण क्वेकर होते, ही गोष्ट आकाशातून पडली नाही.

आपली पंगत

या परदेशी गोष्टी ऐकताना आपल्याला बरे वाटते, कारण तिथले मुसळ दुसऱ्याचे असते. म्हणून जरा घरी येऊ. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुन्हा संसार एकत्र सुरू झाल्यावरही त्यांचे सोवळेओवळे आणि स्वयंपाक वेगळाच होता. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे, की हा गड बाहेरच्या उपदेशाने पडला नाही. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. उत्तर मिळाले तेव्हा पहिला बदल त्यांनी आपल्या पाण्यात आणि ताटात केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. त्यांच्या शब्दाला महाराष्ट्राने मान दिला, त्याच्या मुळाशी हा क्रम आहे.

पण ख्रिस्ती समाजाने एकंदरीत काय केले? गोव्यात अनेक गावांतल्या चर्चमधल्या कॉन्फ्रारिया, म्हणजे बंधुमंडळे, पिढ्यान्‌पिढ्या जातीप्रमाणे वेगळी राहिली. कोणता उत्सव कोणी साजरा करायचा, तेही त्यावर ठरे. देशात इतरत्रही सोयरीक ठरवताना जातीची चौकशी होते. हिंदू समाजातल्या जातिभेदावर आपण ख्रिस्ती लोक व्यासपीठावरून तळमळीने बोलतो, आणि बोलणे खरे असते. पण दाविदाने दिलेला निकालही खराच होता.

हा प्रश्न नव्या करारात नवा नाही. अंत्युखियात पेत्र विदेश्यांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमेहून काही माणसे आली, तेव्हा भीतीने तो त्या पंगतीतून उठला. त्याच्या पाठोपाठ इतर यहूदी, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. कर्नेल्य या विदेश्याच्या घरी ज्याने देव पक्षपाती नाही हे सांगितले, तोच पंक्तिभेद करू लागला. पौलाने त्याला सर्वांसमोर अडवले, कारण चूकही सर्वांसमोर झाली होती. प्रेषितांच्या अग्रणीलाही जुना उपदेश पुन्हा स्वतःला लावून घ्यावा लागला. तेव्हा एकदा आत्मपरीक्षण केले आणि कायमचे निभावले, असे इथे काही नाही.

दुखावलेल्यांचे तोंड बंद करू नका

एक गोष्ट आवर्जून सांगतो. कुसळ-मुसळाचे वचन पीडिताला गप्प करण्यासाठी वापरले जाते, आणि त्यासारखा अन्याय नाही. मार खाणारी बायको पाळकांकडे येते आणि तिला सांगितले जाते, की आधी स्वतःकडे पाहा. मजुरी बुडालेल्या माणसाला क्षमेचे वचन वाचून दाखवले जाते. हे वचन न्यायाच्या आसनावर बसणाऱ्याला आवरण्यासाठी आहे, रडणाऱ्याचा गळा दाबण्यासाठी नाही. मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात येशू सांगतो, की भावाने अपराध केला तर जा, एकांतात त्याची चूक त्याला दाखव. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घे, तरी ऐकले नाही तर मंडळीला सांग. दुखावलेल्याच्या हाती त्याने वाट दिली आहे. नाथानही त्या मेलेल्या उरीयाच्या बाजूनेच बोलायला आला होता.

क्रम पाळायचा म्हणजे काय

गलतीकरांस लिहिताना पौल सांगतो, की कोणी चुकला तर त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा, आणि आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःवर लक्ष ठेवा. यातून काही व्यवहाराच्या गोष्टी निघतात. प्रवचन तयार करणाऱ्याने अमक्या कुटुंबाला हे लागू पडेल, असा विचार मनात येताच लेखणी खाली ठेवावी आणि तो उतारा स्वतःसाठी पुन्हा वाचावा. दुसऱ्याला सांगण्याआधी विचारावे: ही गोष्ट पाळायला मला काय सोडावे लागले? काहीच सोडले नसेल, तर अजून बोलण्याची वेळ आलेली नाही. सांगायचे ते आधी एकट्याला सांगावे, चारचौघांत नंतर. आणि चूक दाखवल्यावर निघून जाऊ नये. तो माणूस सावरेपर्यंत जवळ राहावे.

एज्रा या शास्त्र्याबद्दल बायबल सांगते, की त्याने तीन गोष्टींचा निश्चय केला होता: नियमशास्त्राचा अभ्यास करायचा, ते पाळायचे आणि मग इस्राएलात शिकवायचे. शिकवणे तिसरे. आपल्या मंडळ्यांत, शाळांत, घरांत पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारण्याची घाई फार आहे. मुले मधली पायरी बरोबर पाहतात. बापाने सांगितलेले सत्य आणि बापाने दुधवाल्याशी, मोलकरणीशी, भावकीतल्या वाटणीत केलेले वर्तन ती रोज शेजारी ठेवून पाहत असतात.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वेचली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते काम केले. थोडे शिकलेल्या बायकांनाही ग्रंथ स्वतः वाचता यावा, कोणा मध्यस्थाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, अशी त्यामागची तळमळ होती. ज्यांच्या हाती ग्रंथ असा आला, त्यांची जबाबदारी वाढते. आता तो आपल्याला कोणी लावून देण्याची वाट पाहायची नाही.

ख्रिस्ती माणसाकडे जगाला सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याने ते निर्भयपणे सांगावे, असे माझे ठाम मत आहे. जातीवर, लाचेवर, घरातल्या मारझोडीवर आपण बोललेच पाहिजे. तेवढ्यासाठीच आधी आपल्या मंडळीचे हिशेब, आपल्या घरची पंगत, आपली सोयरीक त्या वचनाखाली आणू या. न्यूटनला त्यासाठी ३४ वर्षे लागली. वूलमनने पुढचाच कागद लिहायला नकार दिला. आपल्यापुढचा कागद कोणता, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यावर काय लिहायचे आणि काय मोकळे सोडायचे, हे आज घरी गेल्यावर ठरवा. त्यानंतर भावाशी बोलायला जा. तो ऐकेल, अशी मला आशा आहे.